खोबरेल लावलेली दुनळी

इंदू गेली हे मला वॉर्डबॉयने सांगितलं, तेसुद्धा तिची चादर गोळा करता करता... घरी माणसं आली. देवमाणूस होती म्हणाली. कसली देवमाणूस? फाटक्या तोंडाची होती माझी बायको. रडायला आलेल्यातल्या निम्म्यांना तिने जन्मभर उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं, आणि बरोबर केलं होतं.

संपात गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घाटकोपरला. पुढारी भाषणं ठोकून आपापल्या घरी जेवायला गेले, आमची चूल त्यांनी कशाला बघावी? मुलुंडच्या एका बँकेला गनमॅन हवा होता, पण बंदूक ज्याची त्याने आणायची. लायसन कसंबसं झालं. मी म्हटलं लगेच घेऊ. इंदू म्हणाली, थांबा. गावाला भात कापून झालं की रानडुकरांची भीती संपते, मग बंदुकीला कुत्रं विचारत नाही. छत्री दिवाळीत घ्यावी आणि बंदूक थंडीत, असं तिचं शास्त्र. बँकेनेही नाताळानंतरच बोलावलं होतं, म्हणून थांबलो.

अंधेरीच्या बंदुकांच्या दुकानात खरंच माशा बसल्या होत्या. एकच गिऱ्हाईक, हॅट घातलेला एक जाडा शेठ, काडतुसांचा पट्टा पोटावर बसतो का ते आरशात बघत होता. शिकारीला केव्हाची बंदी, आणि हा नटतोय. इंदू त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हेका बघून डुकर हसान हसान मरतलो."

जुनी दुनळी घेतली. दुकानदार मग तेलाची बाटली, कातडी पिशवी, नळी पुसायची काठी, एकेक पुढे सरकवायला लागला. बंदुकीचं तेल वेगळं असतं म्हणाला. इंदू बाटलीकडे बघून म्हणाली, "खोबरेल डोक्याक चलता, मगे लोखंडाक नाय चलाचा?" घरी आल्यावर बंदुकीला हळदकुंकू लावलं आणि वाटीभर खोबरेल चोपडलं.

मुलुंडला डोंगराची थंडी. सकाळी साहेब म्हणाला, उघडून दाखव. मी खटका दाबतोय, बंदूक ढिम्म. सांध्यात सगळं पांढरं गोठलेलं. साहेबाने नाकाला रुमाल लावला. "बंदूक आणलीस की बायकोची वेणी?" शिपायासकट सगळे हसले. टाय बांधला की माणसाला असलं सुचतं. नोकरी गेली असं धरून मी बाहेर आलो.

बरोबर आलेली इंदू बँकेच्या पायरीवर बसली होती. चुकलं वगैरे काही नाही. "हाडा हय," म्हणाली आणि हात पुढे केला. बंदूक उन्हात मांडीवर आडवी घेतली आणि पदराने चोळत बसली, न्हायच्या आधी गोठलेल्या खोबरेलाची बाटली घेऊन बसायची तशी. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. मला म्हणाली, "सायबाक सांगा, तवसर चाय पी."

तेल पातळ झालं, बंदूक उघडली, नोकरी लागली. रिटायर होईपर्यंत एक बार काढावा लागला नाही. मग दुनळी पोलिसात जमा केली. गेली ती ब्याद.

आता परत थंडी आहे. मोरीच्या फळीवर इंदूची बाटली गोठून बसलीय. सून म्हणते, बाबा, टाकू का? माझ्या डोक्यावर औषधाला केस नाही... तरी सकाळी ती खिडकीत उन्हाला ठेवतो. पातळ झालं की आत घेतो.