डाव्या पायाची चप्पल

नवऱ्याच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची. करंजाड्याच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात ती मागे पडलेली असायची आणि हा तसाच दोन पायऱ्या वर पोचलेला. घरातही तो पाय फरशीवर घासत चालायचा. खर्र, खर्र. माझं डोकं मुळातच तापट. "पाय उचलून चाल ना, म्हातारा झालास का?" मी रोज ओरडायचे. त्या वर्षात त्याला तीन नवे जोड आणले. तिन्हींची डावी चप्पल अंगठ्यापाशी झिजली, तेव्हा मी दुकानदाराशीही भांडून आले.

त्याच्या मेंदूत गाठ होती. डॉक्टरांनी त्याला खोलीत चार पावलं चालवलं आणि मला विचारलं, "असं कधीपासून?" मी म्हणाले, "लक्षात नाही आलं." धडधडीत खोटं. त्याने माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांत तो गेला.

ब्रेन ट्यूमरच्या संशोधनासाठी निधी गोळा करायला मी मॅरेथॉन धावणार म्हटल्यावर सासूबाई कळवळून म्हणाल्या, "माजा पोर तं गेला. आता कोनासाठी धावतेस गो?"

"दुसऱ्या कोणाच्या पोरासाठी," मी म्हटलं.

 पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सुकापूरपर्यंत धावून परत आले की माझ्यासाठी त्यांच्या हातची गरम पेज तयार असायची.

शर्यतीत बऱ्याच जणांनी आपल्या माणसाचा फोटो छातीवर लावला होता. मी लावला नाही. फोटोत तो हसतो, ते मला अजून सहन होत नाही.

तीस किलोमीटर ठीक गेले. खांदा कॉलनीजवळ डावी पोटरी अशी धरली की पाय वर येईना. तरी मी थांबले नाही. डांबरावर बुटाचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. तो ओळखायला मला क्षणही लागला नाही.

मागून एक बाई पुढे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "ताई, पाय उचला, पडाल!"

"उचलत नाही हो," मी म्हणाले आणि भर रस्त्यात रडू फुटलं.

तोही हेच सांगायचा. "उचलत नाही गं." आणि मी म्हणायचे, नाटकं करू नकोस.