साडूभाऊंचा होकार

अख्ख्या नांदेड शहरात आरशात बघतानाही 'हा माझ्याकडं कामून बघून राहिला?' असा चेहरा करणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. थोरल्या मेहुणीचा नवरा म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. पोटासाठी ते शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात आणि जिवासाठी हार्ड रॉक बँडमध्ये गिटार वाजवतात. दोन्हीकडे त्यांचा जगावर काडीचा विश्वास नाही. चहात साखर कमी पडली तर "याला माझ्या शुगरचं कोन सांगितलं?" आणि बरोबर पडली तर "याला माझं माप कसं कळलं?" त्यांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. "जेवलात का?" म्हटलं की "कामून? काय उरलंय?" मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यांनी "पसंत आहे का?" असं विचारलं, तर हे म्हणाले, "तुमाला कोन म्हनलं?" माझी मेहुणी, म्हणजे आक्का, आजही सांगते की दोन पोरं कॉलेजात गेली तरी नवऱ्याचा होकार अजून यायचाच आहे. आमच्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात. हा साधा दोन अक्षरांचा शब्द साडूभाऊंच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता.

अशा माणसाने बँड काढावा हेच मुळात नवल. बँडचा गायक त्यांचा कॉलेजातला रूम पार्टनर, लातूरच्या पिढीजात शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातला, शाळांचे गणवेश शिवणारा. साडूभाऊ त्याला नावाने कधीच हाक मारत नाहीत. तो 'लातूरवाला'. तो गायला लागला की छातीत काहीतरी फाटतं आणि वर बरंही वाटतं. ड्रम वाजवणारा गडी देगलूरचा. तो घरी फोनवर तेलुगू बोलायचा, म्हणून साडूभाऊंनी त्याला तालमीच्या वेळी फक्त मराठीत बोलायची ताकीद दिली होती, कारण "तेलुगूत आपल्या चाली सांगून राहिला असंल तर आपल्याला काय कळनार?" स्वतः साडूभाऊ वाजवताना लोकांकडे पाठ करून उभे राहतात, बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून. गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलच्या खुणांवर दुकानातली काळी चिकटपट्टी लावलेली असते. ती इतकी, की ऐन कार्यक्रमात त्यांना स्वतःलाच कुठली खूण कशाची ते कळलं नाही आणि हळुवार गाण्याची सुरुवात बोअरची मोटार सुरू झाल्यासारखी झाली. तेही त्यांनी "मुद्दाम केलं" म्हणूनच सांगितलं.

त्यांनी पहिला अल्बम करायला घेतला तेव्हा हा संशय घरभर पसरला. गाण्यांची खरी नावं फोनवर घ्यायची नाहीत असं ठरलं आणि प्रत्येक गाण्याला एकेका भाजीचं नाव मिळालं. "भेंडी लई लांबली, मधून कापावी लागंल," असं साडूभाऊ कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचे, आणि आक्का मला बाजूला घेऊन विचारायची, "भावजी, खरं सांगा, ही भेंडी कोन हाय?" दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून ड्रम आणि गिटारी रेकॉर्ड झाल्या. मला ऐकायला बोलावलं तेव्हा माझा मोबाइल आधी आक्काच्या पिठाच्या डब्यात ठेवला गेला. बँडमधल्या प्रत्येकाच्या फोनवर त्यांनी स्वतः बसून असं काहीतरी घालून दिलं की येणारा-जाणारा प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हावा. "उद्या कोन काय म्हनलं, त्याचा पुरावा पाहिजे."

लातूरवाल्याला शाळा उघडायच्या दिवसांत दुकान सोडता येईना, म्हणून त्याचं गाणं त्याच्याच दुकानात रेकॉर्ड करायचं ठरलं. गिऱ्हाईक कपडे घालून बघतं त्या पडद्याआडच्या जागेत, चारी बाजूंना कापडाचे ताके रचून. साडूभाऊ ड्रम-गिटारचं रेकॉर्डिंग असलेली डिस्क जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली घालून एसटीने लातूरला निघाले. चाकूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, हे डबा मांडीवर घेऊन तसेच बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने "जेवून घ्या की," म्हटलं, तर यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा मागच्या सीटवर जाऊन बसला.

अल्बमचं मुख्य गाणं लातूरवाल्यानेच लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं साडूभाऊंना चिडवायला. त्यात तो एकेक प्रश्न फेकतो आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं. "भूक लागली? हाव! लाइट गेली? हाव! अजून पाहिजे? हाव!" तो म्हणायचा, "यार, तुझ्या मुंहून जे निघत न्हाई, ते मी पब्लिककडून काढून घेतो." अल्बमचं नावही 'हाव'च ठरलं. सगळं साहित्य शेवटचा हात फिरवायला पुण्याच्या एका साउंडवाल्याकडे गेलं. पुणेकरांशी बोलायचं काम लातूरवाल्याकडे होतं, कारण साडूभाऊ त्या माणसाच्या 'नमस्कार'मध्येसुद्धा काहीतरी शोधायचे.

आणि एका सकाळी अल्बमचं मुखपृष्ठ आलं. सोन्याच्या नाण्यांवर वेटोळं घालून बसलेला साप, आणि वर ठसठशीत अक्षरांत नाव: 'लोभ'. सोबत पुणेकराचा निरोप, की माणसाच्या हावरटपणावर इतका संतापलेला अल्बम त्याने ऐकला नव्हता, आणि नावाचा बदल तुमच्या गायकाने फोनवर मंजूर केलेला आहे. साडूभाऊंनी तो निरोप मला दुकानात उभं करून वाचून दाखवला. ओरडले नाहीत, हेच भयंकर होतं. "पैल्यापासून वाटून राहिलं होतं मला," ते म्हणाले. "नाव बदललं, उद्या चाली बदलंल, परवा मानूस बदलंल. इकलं त्यानं आपल्याला." मग बँड बंद, अल्बम बंद, लातूर बंद असं जाहीर झालं. संशय ही त्यांची रोजची करमणूक होती, पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर ती करमणूक नव्हती. हा माणूस या वेळी खरोखर एकटा पडायला निघाला होता.

शेवटचं तोंडावर सांगायला म्हणून ते लातूरला निघाले आणि मला साक्षीदार म्हणून नेलं. लातूरवाला मशीनवर बसला होता. सगळं ऐकून घेताना त्याचा पाय थांबला.

"मी असं काय बोललो ते मला याद न्हाई," तो म्हणाला. "नाव तर आत्ता फोन करून फिरवून घेतो, ते काय बडी बात न्हाई. पन तू मला चोर म्हनून राहिला."

"मग पुन्याच्याला हो कोन म्हनलं?"

लातूरवाल्याने खिशातून मोबाइल काढून कापडावर ठेवला. "तूच घालून दिलेलं हाय. सगळं रेकॉर्ड हाय यात, मी बी ऐकलेलं न्हाई. ऐक. पन एक सांगतो यार, ऐकून मग भरवसा ठेवनार असशील, तर तो भरवसा मला नको. कॉलेजपासून तुझ्या मागं गाऊन राहिलो, तू पाठ करून उभा. आज तोंड इकडं करून सांग, भरवसा हाय का न्हाई?"

साडूभाऊंनी मोबाइल उचलला. आयुष्यभर गोळा करायचा म्हटलेला पुरावा पहिल्यांदाच त्यांच्या हातात होता. अंगठा बटणावर गेला. दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं आणि वातावरण बघून निघून गेलं. साडूभाऊंनी मोबाइल पालथा केला, पुन्हा कापडावर ठेवला आणि पंख्याच्या आवाजातही जेमतेम ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "हाव." मग पाणी प्यायचं म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तेवढ्यात लातूरवाल्याने डोळे पुसून मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तुमी तर ऐका भाऊ. मी काय बोललो ते मला बी कळू द्या." आम्ही दोघांनी कानाला लावून ऐकलं. मागे मशीनची खडखड. पुणेकर विचारतोय, "हाव म्हणजे लोभच ना? मग सरळ 'लोभ' ठेवू या का?" आणि त्याच वेळी दुकानातली कुणी बाई विचारतेय, "मास्तर, पोराच्या पँटीला दोन खिसे लावनार ना?" आणि आमचा गायक मोठ्या उत्साहाने म्हणतोय, "हाव, हाव, पक्का!"

अल्बमचं नाव परत 'हाव' झालं आणि प्रकाशन नांदेडच्या एका मंगल कार्यालयात झालं. दारावर 'बँड' हा शब्द वाचून एक गृहस्थ वरातीची तारीख ठरवायला आले. साडूभाऊंनी त्यांना हेर समजून शेवटच्या रांगेत बसवलं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मला सांगितलं. मीही थोडा वेळ इमानाने नजर ठेवली आणि मग स्टेजच्या मागे जाऊन उभा राहिलो. साडूभाऊ नेहमीप्रमाणे लोकांकडे पाठ करून वाजवत होते, म्हणून त्यांचा चेहरा फक्त मलाच दिसत होता. "अजून पाहिजे?" असं लातूरवाला ओरडला की हॉल "हाव!" म्हणायचा, वरातीचे गृहस्थसुद्धा, आणि डोळे मिटलेले साडूभाऊ सगळ्यांच्या बरोबरीने ओठ हलवायचे.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलल्या जात होत्या. साडूभाऊ कोपराभोवती वायर गुंडाळत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या दिशी मी पानी प्यायला गेल्तो, तवा तुमी ऐकलं."

हा माणूस काही सोडणार नाही, हे मला माहीत होतं. "हाव," मी म्हणालो. "सांगू का काय होतं ते? तुम्ही हसाल."

"नका सांगू."

"कामून?"

त्यांनी वायरीचं टोक नीट आत खोचलं. "एवढं एक असंच राहू द्या."

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दोन खिशांची गंमत कुणालाही सांगावी अशी आहे, आणि मी ती लग्नाकार्यांत सांगून लोकांना हसवतो. पण साडूभाऊ आत आले की मला थांबावंसं वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवा वाटतो. मी ऐकून बसलो, त्यामुळे नुसता भरवसा ठेवायची माझी संधी गेली ती गेलीच.