आंब्याची ढोली आणि माझा अर्ज

बाळांनो, परवा तुमच्या बाबाने धाकटीच्या शाळेतला निबंध फोनवर पाठवला. आजीने चंदीगडमध्ये एका झाडासमोर उभं राहून पक्ष्याचं घरटं वाचवलं, असं त्यात आहे. शेजारी माझं चित्रही आहे. केस मोकळे, हात पसरलेले. मी आयुष्यात कधी केस मोकळे सोडून बाहेर पडलेले नाही, आणि बाकीचंही तितपतच खरं आहे. निबंधाला बाईंनी तारा दिलाय म्हणे. तो परत करू नका, पण खरं काय झालं ते तुमच्यापाशी असू द्या. मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवेल. इंग्रजीत मी फक्त अर्ज लिहिते, आणि या सगळ्याची सुरुवात अर्जापासूनच झाली.

आमच्या घरासमोरच्या पार्कात आंब्याचं एक जुनं झाड आहे. हे शहर आखलं गेलं त्याच्या आधीचं, त्यामुळे ते कुठल्याच रांगेत बसत नाही. त्याच्याखाली बाक होता. आजोबा सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी दुर्बीण आणि निळी वही घेऊन तिथे बसायचे. तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा. एका डिसेंबरच्या सकाळी वरून कोणीतरी थेट उघड्या पानावर शिटलं. आठवडाभराच्या नोंदी गेल्या.

घरी येऊन मी पार्क समितीला अर्ज लिहिला. झाड अर्धंअधिक वाळलं आहे, त्यावरच्या पक्ष्यांमुळे बाक वापरता येत नाही, तरी ते समूळ काढावं. आजोबा म्हणाले, "पक्षी बघायला बसतेस आणि पक्ष्यांचीच तक्रार?"

"पक्ष्यांची नाही. अस्वच्छतेची."

अर्जाची प्रत हिरव्या फायलीत लावली. दर महिन्याला एक स्मरणपत्र, अशी तीन गेली. तिसऱ्यात मी 'अक्षम्य दिरंगाई' या अर्थाचे शब्द वापरले होते.

मार्चअखेर त्याच आंब्यावर धनेशांची जोडी आली. राखाडी रंग, बाकदार मोठी चोच. मादी खोडातल्या ढोलीत शिरली आणि तिने आतून तोंड लिंपून घेतलं. फक्त चोचीपुरती फट ठेवली. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आता बाहेर येणार नव्हती. नर पिंपळाची फळं आणून एकेक करून फटीतून आत द्यायचा. मी रोज त्याच्या फेऱ्या वहीत लिहायचे. आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "बघ, न बोलता किती काम करतो." मी म्हटलं, "अहो, चहा तरी आणा मग." आणला.

तुम्ही विचाराल, अर्जाचं काय? निळी वही पक्ष्यांची आणि हिरवी फाइल तक्रारींची. एकीतलं दुसरीत येऊ द्यायचं नाही, हा माझा नियम. तो मी इतका चोख पाळला, की दोन्हींत एकच झाड आहे हे मला सुचलंच नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी नर दोन फेऱ्या करून गेला आणि चार माणसं दोर, शिडी आणि करवत घेऊन आली. सोबत समितीचे चिटणीस. फौजेतून निवृत्त झालेले सरदारजी, मला फार मानतात. मी दुर्बिणीसकट धावले.

"थांबा! हे झाड तोडायचं नाही!"

त्यांनी कागद पुढे केला. "आंटीजी, ये साइन आपके ही हैं ना?"

सही माझीच होती. खाली दोन रेघाही मीच मारलेल्या.

"मी अर्ज मागे घेते."

"लिख के दे दो जी," ते अगदी अदबीने म्हणाले. "मुँहज़बानी बात आप ही नहीं मानतीं।"

हे खरं होतं. मागच्या सभेत मीच त्यांना तसं सुनावलं होतं. मी घरी पळाले. आजोबा म्हणाले, "अगं, वहीतलं पान फाड, दोन ओळी लिही." पण वहीतलं पान फाडायचं? मी टाइप केलं. विषय, संदर्भ, मागच्या चारही पत्रांच्या तारखा. एका वाक्यात स्वल्पविराम राहिला होता म्हणून पुन्हा छापलं. "तीन प्रती?" आजोबांनी दारातून विचारलं. बाहेर करवत सुरू झाली होती.

मी पोहोचले तेव्हा वरच्या सगळ्या फांद्या खाली पडल्या होत्या. खोड उभं होतं आणि करवत बंद होती. शिडीवरचा म्हातारा माळी खाली उतरून बिडी शिलगावत होता. चिटणीस त्याला विचारत होते, "ओए, रुक क्यों गया?"

"ना जी, अंदर जनानी बैठी है. घरवाला रोटी ले के आया है, मेरे सिर पे चक्कर काट रहा है. मैं आरी कैसे चलाऊँ?"

"ऑर्डर है!"

"तो ऑर्डरवाले चढ़ जाएँ," तो म्हणाला, आणि शिडी खांद्यावर घेऊन निघाला.

मी माझी तिन्ही पत्रं पुढे केली. चिटणिसांनी एकावर पोच देऊन माझ्या हाती ठेवली. ती हिरव्या फायलीत आहे. तिचा काहीएक उपयोग झाला नाही, कारण काम आधीच थांबलं होतं. मी झाडासमोर हात पसरून उभी राहिले नाही. मी आत स्वल्पविराम घालत होते. निबंधात त्या माळ्याचं चित्र हवं होतं.

मे महिन्यात मादी लिंपण फोडून बाहेर आली, मागाहून दोन पिल्लं. बाकावर आता सावली नाही, म्हणून कोणी बसत नाही. मीही घराच्या ओट्यावरूनच बघते. नोंदी चालू आहेत, फक्त निळी वही आणि हिरवी फाइल आता एकाच खणात ठेवते.

खोड अजून उभं आहे, बाजूने थोडी पालवी फुटली आहे. ढोली आहे, आणि या एप्रिलमध्येही तिचं तोंड लिंपलेलं आहे.