दाजींचा पाय

मिस्त्रीच्या हाताला यश होतं आणि जिभेला हाड नव्हतं.

हॉस्पिटलच्या आवारात बॅटरीवरच्या चार गाड्या होत्या. नाव गोल्फ कार्ट, पण एकीनंही कधी मैदान पाहिलं नव्हतं. गेटपासून वॉर्डापर्यंत पेशंट वाहायचे, एवढाच त्यांचा खेळ. दुरुस्ती मिस्त्रीकडं. तीन नंबरची गाडी चालवायचे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक. अकरा वर्षं चालवली. मागं भरला पेला ठेवला तरी सांडायचा नाही, असा पाय.

त्या उन्हाळ्यात तीन नंबर चढावर गचके खायला लागली. टाके घातलेल्या बायका कळवळायच्या. दाजी म्हणाले, "दुपारी करते बघ. सकाळी गुणाची असते."

"गाडीला घड्याळ कळतं होय, दाजी?" मिस्त्री हसला.

सकाळी आठला, गाडी गार, मागं कुणी नाही, अशा वेळी त्यानं दोन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी गेली. तीन दिवस तेच. साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्या ड्रायव्हरांसमोर बोलून गेला, "गाडी ठणठणीत आहे. दाजींचा पाय थरथरतोय. वय झालं आता."

दाजींनी आपल्या पायाकडं तेवढं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते गेटवर चिठ्ठ्या फाडायला बसले. गाडीवर नवा ड्रायव्हर आला, सकाळपाळीचा. त्याला एक गचका बसला नाही. मिस्त्री चहाच्या टपरीवर म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

तीन महिन्यांत दाजींनी सायकल सोडली. मग जिना कठडा धरून चढायला लागले. मग काठी आली. आक्का रोज तेल चोळायची.

"डॉक्टर म्हणतो पायात काही नाही," ती भावाला म्हणाली. "पण हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, मेव्हणा माझा यंत्रातला माणूस आहे."

ऐकून मिस्त्रीला तेव्हा बरंच वाटलं होतं.

मग नव्या ड्रायव्हरची पाळी दुपारची झाली. चौथ्या दिवशी तो आला. "मिस्त्री, माझापण पाय थरथरतोय का, तेवढं सांगा."

मिस्त्री भर दुपारी चार माणसं बसवून चढावर गेला. गचका. पुन्हा गचका. गाडी जॅकवर घेऊन खाली शिरला. मोटरच्या टोकाला स्पीड सेन्सर असतो, काडेपेटीएवढा. मोटर किती फिरते ते तो सांगतो, आणि त्याच्या शब्दावर करंट सुटतो. तीन स्क्रू काढले. आतलं प्लॅस्टिक तापून पिवळं पडलेलं. गार असताना खरं बोलायचा, तापला की काहीबाही. नवा बसवला, प्लग दाबला. वीस मिनिटांचं काम.

संध्याकाळी जुना सेन्सर घेऊन तो बहिणीकडं गेला. दाजींनी चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला.

"म्हणजे हे होतं."

"हो. पाय बरा होता, दाजी. मी चुकलो."

"एवढंसं तर आहे," दाजी म्हणाले. आक्का तेलाची वाटी उचलून आत गेली, ती बाहेर आली नाही.

साहेबांना सांगून दुसऱ्या दुपारी त्यानं दाजींना गाडीवर बसवलं, स्वतः शेजारी बसला. सपाटीवर नीट गेली. चढ लागला तसा दाजींचा पाय गचक्याची वाट बघायला लागला. दाबायचा, घाबरून उचलायचा, पुन्हा दाबायचा. हिसके खात गाडी अर्ध्यावर थांबली.

"नवा बसवलाय ना?"

"नवाच आहे."

"मग आता मीच."

"सवय मोडलीय, दाजी. चार दिवसांत…"

"तू आता काही सांगू नको," दाजी शांतपणे म्हणाले. काठी घेऊन उतरले. "गाडी आण वर."

मिस्त्री स्टिअरिंगमागं सरकला. गाडी लोण्यासारखी चालली. दाजी पुढं कडेचा कठडा धरून एकेक पाऊल चढत होते. रस्ता रुंद होता, पण गाडी पुढं काढायचं धाडस मिस्त्रीला झालं नाही.