फळ्यावरची जानकी

सवत माझी चिऱ्याची होती. तांबड्या चिऱ्याची, डिचोलीच्या वर पठारावर ऐसपैस बसलेली, पुढे काजूची झाडं. लोक तिला कॉलेज म्हणत. मी सवतच म्हणे, आणि सगळ्यांदेखत म्हणे.

आमचे हे दोडामार्गाकडून सुर्ल्याच्या खाणीवर माल भरायला आले. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पुढे पोरं घेतील तेव्हा कळेल. खाणीवरच्या ड्रायव्हरांना हे माशाची आमटी करून घालत, तिचा वास नेमका कॉलेजच्या पहिल्या प्रिन्सिपलच्या नाकात गेला. तेव्हा कॉलेज म्हणजे खाणवाल्यांनी टाकून दिलेल्या पत्र्याच्या खोल्या. प्रिन्सिपल हट्टी. म्हणाला, शिकेल तो इथेच राहील, शिकवील तोही इथेच, आणि सगळे एकाच पंगतीला जेवतील. मग रांधणाऱ्याने तरी घरी का जावं? झालं! नवरा गेला पठारावर, मी राहिले सुर्ल्यात, सासू आणि तिची म्हैस सांभाळत.

सवतीचं सगळं मला पाठ. पत्रे गेले, चिरे आले, ग्रंथालय झालं, मुलींचं वसतिगृह उठलं. रविवारी हे घरी येत आणि तिचंच पुराण लावत. वाळपईचा अमका वकील झाला, तेरेखोलची तमकी आईविना वाढलेली, ताप आला की ह्यांच्या हातची पेज मागते. आमच्या लेकीला, गौरवीला गोवर आला तेव्हा पेज कोणी केली? मी! घरात ह्या माणसाने चुलीत कधी लाकूड सारलं नाही. आणि मला हाक मारायची तर ‘अगो’. लग्नात उखाण्यात एकदा काय ते नाव घेतलं, मग जन्मभर अगो.

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, ह्यावरून आंदोलन पेटलं. कॉलेजच्या खाणावळीत एक फळा होता, त्यावर हे लिहीत, ‘भात-आमटी’. कोंकणीवाल्या पोरांनी ते पुसून त्याचंच कोंकणी, ‘शीत-हुमण’ केलं. मराठीवाल्यांनी तेही पुसलं. पंगत मोडली, पोरं पाठीला पाठ लावून बसू लागली. हे रविवारी येऊन कपाळाला हात लावत. मला मात्र आतून गुदगुल्या. मोडू दे मेलीचा संसार एकदाचा! आमच्या घरात भातही म्हणतात, शीतही म्हणतात, भांडणं होतात ती वेगळ्याच गोष्टींवरून.

एका रविवारी हे हसतच आले. “भांडाण मिटला. शब्द गावलो.”

“खंयचो?”

“असोच एक,” म्हणाले आणि म्हशीला गवत घालायला गेले. म्हशीचं एवढं प्रेम कधी नव्हतं.

गोवा राज्य झालं त्याच वर्षी ह्यांची निवृत्ती आली. कॉलेज म्हणे, आणखी राहा. हे ना हो म्हणत, ना नाही. तरुणपण तिने खाल्लं, आता म्हातारपणही गिळणार? निरोपाच्या जेवणादिवशी पदर खोचला आणि पठार चढले. सवतीच्या दारात पहिल्यांदाच.

खाणावळीत शिरते तोच एक पोरगा ओरडला, “हांगा जानकी वाडा!” दुसरा म्हणाला, “आज जानकी जरा तिखट आहे.” मी फळ्याकडे वळले. फळ्यावर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आज जानकी’.

दाराशी बसलेल्या मुलीला विचारलं, “बाय, ही जानकी कोण?”

“कोण म्हणजे? भात-आमटी ती!” मुलगी हसली. “भात-आमटी लिहिली की कोंकणीवाले रागावतात, शीत-हुमण लिहिलं की मराठीवाले. म्हणून महादेवबाबांनी हे नाव काढलं. बसा ना, छान लागते.”

ते कुणा बाईचं नाव असेल, हे तिच्या मनातही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं जे नाव मला घरात ऐकायला मिळालं नाही, ते ह्यांनी सवतीच्या पोरांना ताटात वाढलं!

इतक्यात हे आतून रिकामा टोप घेऊन आले, खांद्यावरच्या फडक्याने फळा पुसला आणि ओरडले, “जानकी सोपली रे!” वळले तर समोर मी.

“सोपली? मगे ही कोण?”

ह्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “अगो...”

“अगो नको. जानकी म्हणा. आणि घराक येतलास काय नाय, ता सांगा.”

हे पंगतीकडे बघत राहिले. दोन्हीकडची पोरं खांद्याला खांदा लावून बसली होती. मग फडकं खांद्यावरून काढून ह्यांनी नव्या आचाऱ्याच्या, कृष्णनाथच्या हातात दिलं. तो बावळट उद्याचं विचारतो, “फाल्यां फळ्यार कितें बरोवं?”

“तुझ्या बायलेचा नाव लिव,” मी म्हटलं. “माझा मी घराक व्हरतंय.”

पोरं हसून हसून लोळली. मी जिंकल्यासारखी पुढे, हे मागे, असे आम्ही पठार उतरलो. घरी आल्यावर हे ओसरीवर टेकले, घाम पुसला आणि हाक मारली, “अगो, पाणी हाड.”

मी पाणी दिलं. कृष्णनाथ अजून फळ्यावर जानकीच लिहितो म्हणे, आणि पोरं ती मागून मागून घेतात. इथे मी अगोच आहे.