ओट्यात रोवलेली करवत

माझ्या वडिलांचा एक ठाम समज होता. जी वस्तू हलते ती जमिनीत रोवावी. जातं हललं, रोवा. उखळ हललं, रोवा. गोठ्यातला खुंटा तर रोवण्यासाठीच जन्माला आलेला. त्यामुळे अकोल्याच्या मामाने माझ्यासाठी पायाने चालवायची करवत पाठवली आणि चाक फिरवताच ती चारही पायांवर थरथरू लागली, तेव्हा वडिलांच्या मनात काय आलं असेल हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही उंद्रीला राहायचो. घरची कोरडवाहू शेती, एक बैलजोडी, आणि लग्नाची म्हणून घरात राहिलेली मी. लहानपणी कडब्याने भरलेल्या गाडीवरून मी पडले होते. उजवा खुबा जो आखडला तो आखडलाच. मला मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. आता आमच्याकडे बाईचं सगळं काम जमिनीवर. भाकरी जमिनीवर, दळण जमिनीवर, निंदण तर जमिनीला नाक लावूनच. मी उभ्याने पाणी भरायची, झाडलोट करायची, आणि उरलेला वेळ बाजेवर बसून लोकांची कामं पाहायची. बसून खाणारी असं मला कोणी म्हटलं नाही, पण मी स्वतःला रोज म्हणायची.

अशात आत्याने स्थळ आणलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लोणारला दिलेली. स्थळ तिकडचंच, बिजवराचं. माणूस वाईट नव्हता म्हणे. घरात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी. आत्या म्हणाली, “चांगलं घर आहे. खाऊनपिऊन सुखी राहीन पोरगी.” मला त्या घरात जायचं नव्हतं. माझ्यात खोट आहे म्हणून कोणाच्या तरी खोटेवर मला ठिगळासारखं लावायचं, याचा मला भयंकर राग यायचा. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तिने वर तोंड करून रागवायचं नसतं.

मामा लाकडाच्या वखारीत कारकून होता. फोटोच्या चौकटी करणाऱ्या एका म्हाताऱ्याने दुकान मोडलं, त्याची ही जुनी करवत मामाने घेऊन पाठवली. शिलाई मशीनसारखंच खाली पायदान, बाजूला चाक, आणि वर दोन लांब दांड्यांच्या मध्ये ताणलेलं केसासारखं बारीक पातं. लाकडाची पातळ फळी त्या पात्यासमोर फिरवायची, की पाहिजे तसा आकार कापून निघतो. पोपट, वेली, देव्हाऱ्याची जाळी, काहीही. खुर्चीवर बसून करायचं काम होतं ते. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी केलेलं पहिलंच काम मला भेटलं होतं.

वडील आईला म्हणाले, “दिवाळीपर्यंत पाहू. हात बसला तं ठीक. नाई तं अक्काचं आयकू.” आत्याला ते अक्का म्हणत. मी दाराआडून ऐकलं. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य त्या केसासारख्या पात्यावर टांगलेलं होतं.

खंडेनवमीला वडिलांनी करवत बसवली. ओसरीत पांढऱ्या मातीचा ओटा घातला, त्यात मशीनचे पाय चांगले वीतभर रोवले, पायदान टेकू नये म्हणून खाली खोलगट केलं, शेणाने सारवलं. तोंड पूर्वेला, कारण कामाला बसताना तोंड पूर्वेलाच असावं. आईने चाकाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. वडिलांनी हाताने मशीन हलवून पाहिली. तसूभर हलेना. ते इतके खूश झाले की मला म्हणाले, “पाह्य, आता बैल बांधला तरी हलत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या उमेदीने बसले. समोरून सूर्य थेट डोळ्यात. डोळे बारीक केले तरी फळीवर काढलेली रेघ दिसेना. मशीन वीतभर खाली गेल्यामुळे मला कमरेतून दुमडावं लागे, आणि कमरेतून दुमडणं हेच तर मला जमत नव्हतं. पायदान उजव्या पायाला सोयीचं, माझा कामाचा पाय डावा. मी वाकडी बसायची, डावा पाय तिरका घालायची, आणि मानेतून कळ निघाली की हात हलायचा. हात हलला की टण्! पातं तुटायचं. मामाने पात्यांची एक जुडी कागदात बांधून दिली होती. ती दिवसागणिक बारीक होत चालली, आणि तिच्याबरोबर मीही.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना. कोणाला सांगणार? बापाने हौसेने स्वतःच्या हाताने ओटा घातलेला, त्याची पूजा झालेली. पूजा झालेली चूल कोणी उकरतं का? आणि समजा सांगितलं, तर उत्तर मला तोंडपाठ होतं. नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हण आमच्या घरात मिठासारखी वापरली जायची.

आणि झालंही तसंच. दिवाळी तोंडावर आली होती. चहाच्या खोक्याच्या फळीचा मी पाळण्यावर टांगायचा एक पोपट कापत होते. चोचीपर्यंत आले, आणि टण्! चोच गेली, पातंही गेलं. मी तो बिनचोचीचा पोपट अंगणात भिरकावला. तो नेमका कोंबड्यांत पडला, आणि त्यांनी असा कालवा केला की आई चुलीपासून उठून आली.

“काऊन वं, काय झालं?”

“मले दिसत नाई इथं. बसता येत नाई.”

आई म्हणालीच. “नाचता येईना...”

“अंगण वाकडंच आहे, माय!” मी ओरडले. “तू बसून पाह्य एकदा. एकदा बसून पाह्य, मंग बोल!”

आईशी असं मी कधी बोलले नव्हते. वडील गोठ्याच्या दाराशी दोर वळत होते. दोर खाली ठेवून ते आले. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. ते म्हणाले, “सरक.” मी उठले, आणि ते माझ्या जागेवर बसले.

त्यांनी उजवा पाय आखडून धरला. माझा असतो तसा. डावा पाय तिरका करून पायदान शोधलं. मग वाकून पात्याकडे पाहू लागले, तर ऊन तोंडावर. हाताचा आडोसा केला. एका हाताने आडोसा केला तर फळी धरायला एकच हात उरला. ते पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले. मान दुखेपर्यंत बसले असावेत, कारण उठताना त्यांनी मानेवर हात ठेवला.

“पहार आन,” ते आईला म्हणाले.

“अहो, पूजा केलेली आहे. उपटाची नाई असते.”

“गणपतीची नाई का आपण पूजा करत? मंग हलवतो ना त्याले?”

त्यांनी ओट्यावर हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या, हात जोडले, आणि विसर्जनाच्या आधी मूर्ती जागेवरून जराशी सरकवतात तसा मशीनला एक धक्का दिला. ती अर्थातच हलली नाही, इतकी पक्की रोवलेली. मग त्यांनी पहारीने आपलाच ओटा फोडायला सुरुवात केली. हौसेने घातलेला ओटा फोडताना त्यांच्या तोंडावर जराही दुःख नव्हतं. शेतात चुकीच्या जागी बांध पडला तर माणूस तो उकरतो, तसं ते उकरत होते.

दुपारभर आम्ही मशीन बसवली. यावेळी मशीन नाही, मी आधी बसले. खोक्यावर घोंगडीची घडी घालून मला बसवलं, खांदे सैल सोडायला सांगितले, कोपर कुठे येतं ते पाहिलं, आणि मग मशीन माझ्याकडे आणली. उजेड उजव्या खांद्यावरून यावा म्हणून तोंड उत्तरेला. मशीनच्या पायांखाली बारदानाची घडी घातली. थरथर बारदानाने गिळली, रोवायची गरजच नव्हती. तरी मला वाकावं लागतंय हे पाहून वडील थांबले, थोडा विचार केला, आणि मागच्या दोन पायांखाली बाभळीच्या पाचरी ठोकल्या. मशीन माझ्याकडे किंचित झुकली, आणि मी सरळ बसले. “नांगराले असंच करतो,” ते म्हणाले. “पाचर मारली का तो माणसाकडे येते. माणसानं नांगराकडे काऊन वाकाचं?”

शेवटी ते गुडघे टेकून खाली बसले. पायदान डाव्या पायाखाली सरकवलं. मग माझ्या उजव्या पायाकडे बोट केलं.

“हा कुठी लागते?”

मी म्हटलं, “कुठी नाई.”

“कुठी लागते, सांग.”

मी पडले त्याला इतकी वर्षं झाली होती. माझ्या पायाबद्दल घरात कोणीच मला काही विचारलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून विचारत नसावेत. मलाही वाटायचं, विचारत नाहीत तेच बरं. त्या दुपारी मी माझ्या बापाला बोटाने दाखवलं, इथे टोचतं, इथे बधिर होतं. त्यांनी वाकसाने खोक्याची पुढची कड तासून उतरती केली. पाय मोकळा सुटला. खुबा ठणकायचा थांबला, आणि तो इतकी वर्षं ठणकत होता हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर पाती तुटली नाहीत असं नाही. पण आता तुटली तर का तुटली ते कळायचं. पातं सैल असलं की ते लाकडात भरकटतं. नीट ताणलेलं पातं बोटाने छेडलं की गोड वाजतं. दात खाली पाहिजेत, वर झाले की फळी उड्या मारते. फळी ढकलायची नाही, पात्याच्या कलाने फिरवायची. शिकवायला कोणी नव्हतं, पण सरळ बसलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी आपोआप दिसतात. दिवाळीत पहिला पोपट चोचीसकट पुरा झाला. शेजारची काकू आपल्या लेकीच्या बाळंतपणासाठी अख्खा थवा सांगून गेली, आणि तिच्याकडून ऐकून अमडापूरच्या बाजारातला पाळणे विकणारा घरी आला.

दिवाळी आटोपल्यावर आत्या एस.टी.ने आली. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि ओसरीत भिंतीला टेकून बसली. मी पलीकडे मशीनवर होते. आत्याला आडपडदा माहीत नव्हता.

“बोल मंग भाऊ. त्याइले काय सांगू? ते वाट पाहून राह्यले.”

आई पदराशी चाळा करत उभी. माझा पाय पायदानावर चालत होता, पण मी काय कापत होते ते मला दिसत नव्हतं. वडील आत्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

“नाई म्हनून सांग, अक्का,” ते म्हणाले. “आत्ता कुठी पोरीचं बसनं नीट लागलं. तिले ऊठ कसं म्हनू?”

मी चाक थांबवलं नाही. ते थांबलं असतं तर माझं रडणं सगळ्यांना ऐकू गेलं असतं.