लाइन थांबवणारी दोरी

मंडळी, आज आमच्या चाकणच्या कंपनीत फॅमिली डे होता. बायकोला आणि श्रेयाला, म्हणजे आमच्या पोरीला, माझी लाइन दाखवायला घेऊन गेलो.

श्रेया बारावीला आहे. लहानपणापासून डॉक्टर व्हायचं म्हणायची. पण हल्ली तिचं एकच पालुपद, "पप्पा, माझ्या हातून चूक झाली आणि माणूस गेला तर? नकोच ते."

लाइनवर गाड्यांच्या सीट जोडणं चालू होतं. तेवढ्यात नवीन लागलेल्या एका मुलीनं डोक्यावर टांगलेली दोरी ओढली. लाल दिवा लागला, अख्खी लाइन थांबली. सुपरवायझर धावत आले. श्रेयानं माझा हातच धरला. "आता तिला ओरडणार?"

म्हटलं, "नाही गं. बोल्ट नीट बसला नाही अशी नुसती शंका आली तरी दोरी ओढायची. न ओढता पुढे ढकललं तर बोलणी खावी लागतात."

सुपरवायझरनी बोल्ट तपासला, त्या मुलीला शाब्बास म्हणाले, लाइन सुरू झाली.

परतताना बसमध्ये, चिंचवड आल्यावर श्रेया म्हणाली, "पप्पा, मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसते. डॉक्टर झाल्यावर अडलं, तर मोठ्या डॉक्टरांना लगेच हाक मारीन. लाजणार नाही."

ग्रुपवरच्या डॉक्टर मंडळींनो, तुमच्याकडे हाक मारणाऱ्याला शाब्बास म्हणतात ना? म्हणत नसाल, तर आमची पोरगी यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. तेवढ्यात सवय लावून घ्या, राव!